आयर्विन, पण पुलाचा नव्हे: बिल आयर्विन या विदूषकाबद्दल

कृष्णाकाठचा
शनिवार, रात्री ११:४०

सांगलीत 'आयर्विन' म्हटलं की पावसाळ्यात एकच प्रश्न येतो: पाणी किती फुटांवर? हा धागा त्या आयर्विनचा नाही. तो पूल व्हाइसरॉयच्या नावाचा. हा आयर्विन अमेरिकेतला विदूषक, जन्म १९५०. गेले तीन आठवडे आमच्या घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नाही. बायको म्हणते, एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर.

सुरुवात झाली 'इंटरस्टेलर'पासून. २०१४ साली थिएटरात बघितला तेव्हा माझं सगळं डोकं कृष्णविवरात अडकलेलं. परवा लेकाबरोबर पुन्हा बघत होतो तर तो म्हणाला, "बाबा, हा रोबोट आजोबांसारखा चालतो." आमच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ते आधी कमरेतून झोका घेतात, मग पाय टाकतात. टार्स नावाचा तो रोबोट म्हणजे चार उभ्या फळ्या एकमेकींना जोडलेल्या. ना तोंड, ना डोळे. तरी चालायला लागला की वाटतं, आत कुणीतरी आहे.

आत नाही, मागं आहे! मला वाटलं होतं सगळी कॉम्प्युटरची करामत. तर बऱ्याचशा दृश्यांत नव्वद किलोच्या आसपासचं ते धूड एक माणूस मागं उभा राहून चालवत होता आणि टार्सचे संवादही तोच बोलत होता. नंतर त्याला चित्रातून पुसून टाकलं. वयाची साठी उलटलेला बिल आयर्विन. मूळ धंदा, सर्कशीतला विदूषक.

मग मी मागं मागं जात राहिलो. नाटकाचं रीतसर शिक्षण घेतल्यावर गडी १९७४ साली रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीच्या क्लाऊन कॉलेजातून बाहेर पडला. हो, विदूषकांचं कॉलेज. आपल्याकडं डीएड असतं तसं. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या पिकल फॅमिली सर्कशीत, जिथं प्राणी नव्हतेच, 'विली' नावाचा विदूषक झाला. तिथून रंगभूमीवर.

१९८२ च्या 'द रिगार्ड ऑफ फ्लाइट' या त्याच्या प्रयोगात एक ट्रंक आहे. साधी, आपल्या आजीच्या माडीवर असायची तसली. हा झाकण उघडतो, आत पाय टाकतो आणि जिना उतरावा तसा उतरायला लागतो. एक पायरी, दुसरी पायरी. कंबर गेली, छाती गेली, शेवटी टोपी गेली. मी हे दहा वेळा मागं घेऊन बघितलं. युक्ती गुडघ्यात आहे, हे कुणालाही कळतं. पण नुसते गुडघे वाकवून भागत नाही. प्रत्येक पायरीला अंगाला एवढासा हबका बसतो, खांदे पातळी सोडत नाहीत आणि नजर जिना उतरणाऱ्याचीच राहते. ट्रंकेला तळ आहे हे माहीत असूनही आपल्याला खाली तळघर दिसतं.

त्याच प्रयोगात पडद्यामागची कसलीशी ताकद त्याला ओढत असते. अर्धा देह आत खेचला गेलाय, उरलेला अर्धा प्रेक्षकांकडं यायला धडपडतोय. ओढणारं तिथं काहीही नाही. ओढलं जाणं तो एकटाच करतो.

या कामावर १९८४ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, जी एरवी शास्त्रज्ञ-लेखकांना मिळते. १९८९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'लार्जली न्यूयॉर्क', जवळजवळ बिनशब्दांचं नाटक. आणि मग २००५ साली टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सगळ्यात मानाचा पुरस्कार. तोही कशासाठी, तर 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ'मधल्या जॉर्जसाठी. ज्या नाटकात नवरा-बायको तीन अंक एकमेकांना शब्दांनी सोलून काढतात, त्यात हा न बोलणारा माणूस सर्वोत्कृष्ट नट ठरला.

तुमच्यापैकी कुणी त्याचं आणखी काही बघितलंय का?

---

लेकुरवाळी
रविवार, सकाळी ८:०५

अहो, हा तर आमचा मिस्टर नूडल!! फोटो बघितला आणि किंचाळलेच. 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या अमेरिकन मालिकेत, एल्मो नावाच्या बाहुल्याच्या भागात खिडकीचा पडदा वर जातो आणि मागं हा उभा असतो. मिशा, ढगळ पँट, काहीही न बोलणारा. १९९८ पासूनचे भाग आहेत, आम्ही यूट्यूबवर बघतो.

त्याला काहीच येत नाही. बूट घालायला सांगितलं तर हातात घालणार. टोपी घालायला सांगितली की गुडघ्यावर. मुलांचे आवाज ओरडतात, नाही मिस्टर नूडल, डोक्यावर! मग तो असा चेहरा करतो की हा विचार जगात पहिल्यांदाच कुणाला तरी सुचलाय. आमचं धाकटं अडीच वर्षांचं. स्वतःचा शर्ट उलटा घालतं आणि टीव्हीतल्या माणसाला शिकवतं, "अशं नाई, अशं!" आम्हा मोठ्यांसमोर त्याला कधी शहाणं व्हायची संधी मिळते सांगा?

शिवाय मिस्टर नूडलला एक भाऊ आहे, त्याचंही नाव मिस्टर नूडलच. ते काम मायकेल जेटर करायचा. यावर आमच्याकडं रोज नव्यानं हसतात.

---

वारणेचा_वाघ
रविवार, सकाळी ९:३०

भावा, समदं वाचलं. लिहिलंयस झ्याक. पण मला एक सांग, ट्रंकेत उतरला, पडद्यात गेला, यात हसायचं काय? न बोलता विनोद म्हणजे तोंडं वाकडी करायची आणि पडायचं. मिस्टर बीन बघितला की बास. आमच्याकडं तमाशात सोंगाड्या नुसता एक शब्द उलटा बोलला तरी कनात फाटायची वेळ यायची. विनोद जिभेवर असतोय, ढुंगणावर न्हाई. (संपादकांनी शब्द काढला तरी चालेल.)

---

जुनाट
रविवार, दुपारी १२:१५

वाघोबा, तुम्ही तमाशाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. नाहीतर मी इथं नुसता वाचक.

तुमच्या वारणेपासून कवलापूर किती लांब? तिथल्या काळू-बाळूंना विसरलात काय? लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार असायचे, काळू आणि बाळू. ते इतके गाजले की खरी नावं मागं पडली आणि फडालाही तेच नाव चिकटलं. आजा-बापापासून घरात तमाशा.

मी त्यांना जत्रेत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आठवीत होतो. गण झाला, गौळण झाली, वग सुरू झाला. दोघं येऊन शेजारी शेजारी उभे राहिले. बस्स. एक शब्द बोलले नव्हते. सारखी उंची, सारखा चेहरा, सारखा वेष. माणसं त्या सारखेपणालाच हसायला लागली. मी ज्याच्या खांद्यावर बसलो होतो तो माझा चुलता इतका हसला की मी खाली पडलो. आता सांगा, तो विनोद जिभेवर होता?

जीभ त्यांच्याकडं होतीच, नाही म्हणत नाही. पण हजारो माणसं जमिनीवर बसलेली, पेट्रोमॅक्सचा नाहीतर दिव्याच्या माळांचा उजेड, माईक अधूनमधून मरणारा. अशा ठिकाणी शेवटच्या रांगेला शब्द पोचायच्या आधी उभं राहणं पोचतं. सोंगाड्याला हे शाळेत शिकवलेलं नसतं, ढोलकीवाला शिकवतो. थाप कुठं पडणार हे कळलं की पाय कुठं अडखळायचा ते आपोआप कळतं.

कृष्णाकाठचे, तुमच्या माणसाचे व्हिडिओ नातवाकडून लावून घेतले. तो टोपी डोक्यावरून दंडावर, दंडावरून हातात घरंगळत आणतो, ते बघितलं. मला तो परका वाटला नाही.

---

वारणेचा_वाघ
रविवार, दुपारी १२:४०

काका, काळू-बाळूंचं नाव काढून तुम्ही माझी बोलतीच बंद केली. हात जोडले.

---

पडदा_उघडा
रविवार, रात्री १०:२०

हौशी नाटकवाला इकडे. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा पडलोय, म्हणजे निकालातही आणि रंगमंचावरही.

पडण्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण लोकांना वाटतं पडायला काय लागतं. एका एकांकिकेत मला खुर्चीवरून मागं पडायचं होतं. ज्या मंडळातर्फे करत होतो त्यांनी तालमीला गादी दिली नाही, वर म्हणाले खोटं वाटायला नको. मी हात मागं टेकवला. मनगट गेलं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि प्रयोगात माझ्याऐवजी जो उभा राहिला त्याला बक्षीस!

नंतर एका शिबिरात शिकलो. पडताना हात टेकवायचा नाही, हा पहिला नियम. देह मात्र नेमका तेच करायला धावतो. हनुवटी छातीला, श्वास सोडून द्यायचा, आधी मांडीची बाजू, मग कुल्ला, मग पाठीचा मांसल भाग, असं गोलाईत जमिनीला भेटायचं. आवाज येतो तो तळहात जमिनीवर सपाट मारल्याचा. प्रेक्षकाला वाटतं डोकं आपटलं. हे सगळं अर्ध्या सेकंदात, आणि चेहऱ्यावर यातलं काहीही दिसता कामा नये. चेहरा अजून खुर्चीवर बसलेला हवा. आयर्विनचं पडणं बघा, त्याच्या चेहऱ्याला बातमी उशिरा कळते.

आणि नाटककार सॅम्युअल बेकेटबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' आयर्विननं ब्रॉडवेच्या बाजूलाच लिंकन सेंटरमध्ये १९८८ साली केलं. दिग्दर्शक माइक निकोल्स, मुख्य भूमिकांत स्टीव्ह मार्टिन आणि रॉबिन विल्यम्स. आयर्विन लकी झाला. लकी म्हणजे गळ्यात दोरी बांधलेला नोकर. सगळं नाटक तो गप्प, आणि एकदा बोलायला लागला की विराम नाही, अर्थ नाही, पानंच्या पानं. पुढं २००९ मध्ये ब्रॉडवेवर तोच व्लादिमिर, म्हणजे गोदोची वाट बघणाऱ्या दोघांतला एक, झाला, जोडीला नेथन लेन. २०१८ साली तर 'ऑन बेकेट' नावाचा एकपात्री प्रयोग केला. त्यात तो ढगळ पँट आणि बाउलर टोपी घालून दाखवतो की ही वाक्यं विदूषकाच्या देहातून बोलली की कशी सोपी होतात. मी गोदो तीनदा वाचायला घेऊन तीनदा सोडलेलं. त्याला ते करताना बघितलं आणि कळलं की ही दोन कामं नसलेली माणसं वेळ काढतायत. आपल्या पारावर बसतात तशी.

जाता जाता: १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सूत्रधाराच्या पाठोपाठ रंगभूमीवर आला तो विदूषकच. राम-सीता नंतर.

---

मिरजेची_तार
सोमवार, सकाळी ७:५०

छोटी दुरुस्ती नव्हे, भर. 'इंटरस्टेलर'मध्ये दुसरा रोबोट आहे, नाव 'केस'. तोही आयर्विननेच चालवला, पण आवाज जॉश स्टुअर्टचा. म्हणजे एकाच माणसाच्या दोन चाली. टार्स जरा ऐटीत, केस मुकाट्यानं काम करणारा. पुन्हा बघा, चालीतला फरक दिसतो की मलाच भास होतोय?

दुसरं, 'फूल मून' हा त्याचा प्रयोग शोधा. १९९३, ब्रॉडवे, डेव्हिड शायनर नावाच्या दुसऱ्या विदूषकाबरोबर. शब्द नाहीत, साथीला जिवंत बँड. शायनर खवट, प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून चालत जाऊन लोकांची खोडी काढणारा. आयर्विन भिडस्त. १९९९ मध्ये विशेष टोनी मिळाला. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनी 'ओल्ड हॅट्स' केलं. त्यात आयर्विनच्या हातात टॅब्लेट आहे आणि पडद्यावरचं त्याचंच रूप त्याचं ऐकेनासं होतं. आमच्या घरी वाद्यांचं काम चालतं. तंबोरा लावताना तार एका विशिष्ट जागी 'बोलते', तिथून केसभर इकडंतिकडं झालं की मुकी. या दोघांचं टायमिंग बघताना मला सारखी ती जागा आठवत होती.

---

निवांत
सोमवार, दुपारी ३:००

चांगला धागा. पण मी वाटच बघत होतो की 'विदूषक आतून रडत असतो' हे वाक्य कधी येतंय. अजून आलं नाही याबद्दल सर्वांचे आभार. 'मेरा नाम जोकर'नंतर आपल्याकडं जोकर म्हटलं की लोक आधी रुमाल काढतात.

---

कृष्णाकाठचा
सोमवार, रात्री ९:१५

निवांत, अगदी. मला हा माणूस आवडण्याचं तेच कारण आहे. तो करुणेची भीक मागत नाही. सुताराला रंधा मारताना जेवढं वाईट वाटतं तेवढंच याला पडताना.

आणि तरी रडवायचं असेल तेव्हा काय करतो, ते सांगतो. 'रेचेल गेटिंग मॅरीड', २००८, जोनाथन डेमी. आयर्विन नवरीचा बाप. घर पाहुण्यांनी भरलंय, आणि बाप आणि होणारा जावई यांची पैज लागते: भांडी धुण्याच्या यंत्रात कोण झटपट जास्त भांडी रचतो. लग्नघरातला उगाचचा दंगा. पाहुणे आरडाओरडा करतायत, बाप बाह्या सरसावून ताटं, पेले, वाडगे असे काही बसवतोय की हात दिसत नाहीत. निव्वळ सर्कस. धाकटी मुलगी, ॲन हॅथवे, उत्साहात आणखी भांडी आणून देते. त्यात एक ताटली लहान मुलाची निघते. त्यांचा लहानगा गेलेला असतो, आणि तो का गेला हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

इथं तो रडत नाही. त्याच्या हातांना पुढची भांडी कुठं ठेवायची ते कळेनासं होतं. इतकंच. मघापासून ज्या हातांनी एकही चूक केली नव्हती, त्या हातांना. मग तो स्वयंपाकघरातून निघून जातो. मी दूरदर्शनच्या काळापासून रडके बाप बघत आलोय. असा नाही बघितला.

मिरजेची_तार, भास नाही. लेकालाही फरक दिसला.

---

तंबूवाला
मंगळवार, सकाळी ६:३०

सर्कशीचा विषय आणि सांगलीकरांनी अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांचं नाव घेतलं नाही, कमाल आहे! भारतीय सर्कस ज्यांनी उभी केली ते आपल्या जिल्ह्यातले. त्यानंतर म्हैसाळच्या देवलांची सर्कस. घोडे, कसरती, तंबू, हे सगळं कृष्णेच्या काठावरून देशभर गेलं.

माझे वडील एका सर्कशीत तंबूच्या कामावर होते. ते सांगायचे, जोकर दोन जातीचे. एक उंचीमुळं घेतलेला, आणि दुसरा जो आतला सगळ्यात तयार कसरतपटू. झुल्यावर शेवटी जोकर चढतो, हात सुटतो, पँट सुटते, कसाबसा जाळीत पडतो. तो 'कसाबसा' करायला झुल्यावरच्या बाकी सगळ्यांपेक्षा हात पक्का लागतो. आणि जोकर बाहेर येतो कधी? जाळी बांधायची असते तेव्हा, पिंजरा जोडायचा असतो तेव्हा. लोकांनी खिळे ठोकणाऱ्यांकडं बघू नये म्हणून. वडिलांनी जोकर पूर्ण असा कधी बघितलाच नाही, कारण तो आत आला की यांचं काम सुरू.

पिकल सर्कशीत प्राणी नव्हते हे वाचून थांबलो. आपल्याकडं १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ-सिंह-अस्वलं गेली तेव्हा सगळे म्हणाले आता सर्कस संपली. ती माणसं १९७५ पासून नुसत्या माणसांवर सर्कस करत होती. मग अख्खा भार विदूषकांवरच आला असणार, पिंजरा जोडायचाच नाही म्हटल्यावर.

---

लेकुरवाळी
मंगळवार, सकाळी ११:००

तंबूवाला दादा, वडिलांच्या आठवणींचा वेगळा धागा काढा ना. नक्की.

---

जुनाट
मंगळवार, संध्याकाळी ५:४०

ते टोपी घरंगळवण्याचं मी करून बघितलं. गांधी टोपीनं जमत नाही. घडीची टोपी, तिला ना काठ ना वजन, दंडावर येऊन लोळते. फेट्याचा प्रश्नच नाही. सुनेनं शेवटी प्लॅस्टिकची चाळण दिली. ती घरंगळते, पण कोपरापाशी उडी मारून पळते. वय ७१. सून म्हणाली, मामंजी, निदान काचेच्या कपाटापासून लांब करा.

---

पडदा_उघडा
मंगळवार, रात्री ९:००

काका, टोपीला कडा हवी आणि वजन सगळं कडेला हवं. नाटकवाले कडेच्या आतून तार घालतात. आणि हात सरळ ठेवू नका, टोपी निघाली की कोपर किंचित खाली सोडा, म्हणजे तिला उतार मिळतो. येत्या रविवारी भावे नाट्यमंदिराजवळ चहाला या, माझ्याकडं तार घातलेली एक आहे.

---

कृष्णाकाठचा
रविवार, रात्री १०:५०

अपडेट. चहाला आम्ही पाच जण जमलो. भडंगाचा पुडा तंबूवाल्यांनी आणला. जुनाट काकांनी फूटपाथवर टोपी सोडली. दंडापर्यंत आली, कोपर खाली गेलं, आणि टोपी अल्लद हातात. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी परत डोक्यावर ठेवली, दुसऱ्यांदा सोडली, आणि ती थेट शेजारच्या गाड्यावरच्या भजीच्या पिठात.

गाडेवाला हसला नाही. काकांचा चेहरा मात्र, पडदा_उघडा म्हणाले होते ना, बातमी उशिरा कळल्यासारखा. तेव्हा मग गाडेवालाही हसला. भजी आम्हीच सगळी विकत घेतली.